जर्मन भूतकालवाचक धातुसाधित विशेषणांना प्रत्यय कसे लागतात?

प्रश्न (कोथरूडकर):
मी पुण्यात जर्मनच्या बी १ (मध्यम पातळीच्या) परीक्षेची तयारी करीत आहे. ‘दी ट्यूर इस्ट गेश्लोसेन’ (दार बंद केलेले आहे) या वाक्यात ‘गेश्लोसेन’ला काहीच प्रत्यय लागत नाही, पण ‘दी गेश्लोसेने ट्यूर’ (बंद केलेले दार) म्हणताना शेवटी ‘ए’ येतो. गृहपाठात मी ‘आइन गेकोख्टे आय’ (एक उकडलेले अंडे) लिहिले, तेव्हा बाईंनी ‘गेकोख्टेस’ अशी दुरुस्ती केली. ‘झोपलेले मूल’ या अर्थी लिहिलेले ‘डास गेश्लाफेने किंड’ मात्र त्यांनी सरळ खोडले. असे का?

उत्तर (सदाशिवपेठकर):
नामाच्या आधी आलेले हे रूप कोणत्याही साध्या विशेषणासारखेच चालते. ‘डास’ या उपपदातून नपुंसकलिंग आधीच कळते, म्हणून ‘डास गेकोख्टे आय’; ‘आइन’मधून ते कळत नाही, म्हणून लिंग दाखवण्याचे काम विशेषणावर येते आणि ‘आइन गेकोख्टेस आय’ होते. चतुर्थीत दोन्हीकडे ‘एन’ लागतो: ‘मिट आइनेम गेकोख्टेन आय’ (एका उकडलेल्या अंड्यासह). आपण ‘खिडक्या बंद केलेल्या आहेत’ असे म्हणतो, म्हणजे मराठीत विधेयातही रूप बदलते. जर्मनमध्ये तेथे ते मुळीच बदलत नाही, आणि मराठी विद्यार्थ्याची पहिली चूक बहुधा येथेच होते.

उत्तर (जर्मन शिकवणारी):
खोडलेल्या उदाहरणाबद्दल सांगते, कारण आपला ‘-लेला’ फसवतो तो येथेच. सकर्मक क्रियापदापासून झालेले हे रूप फक्त कर्माचे विशेषण होते, कर्त्याचे नाही: उकडलेले बटाटे चालतात, पण ‘अभ्यास केलेला विद्यार्थी’ म्हणायचे असेल तर जर्मनमध्ये ‘ज्याने अभ्यास केला आहे तो’ असे संबंधी वाक्यच करावे लागते. अकर्मक क्रियापदांपैकी ज्यांचा पूर्ण भूतकाळ ‘झाइन’ (असणे) या साहाय्यक क्रियापदाने होतो आणि ज्यांत स्थिती बदलते किंवा कोठेतरी पोहोचणे असते, त्यांचेच रूप नामाआधी येते, जसे ‘डेअर आंगेकोमेने त्सूग’, म्हणजे आलेली गाडी. ‘श्लाफेन’ (झोपणे) हे मात्र ‘हाबेन’ (जवळ असणे) हे साहाय्यक क्रियापद घेते, म्हणून ते रूप खोडले गेले. मूल झोपलेल्या अवस्थेत असेल तर ‘डास श्लाफेंडे किंड’ म्हणा, आणि नुकते झोपी गेले असेल तर ‘डास आइनगेश्लाफेने किंड’.

कोथरूडकर:
ताई, मनापासून आभार. मग ‘आईने काल उकडलेले बटाटे’ हे ‘दी गेस्टर्न फॉन माइनर मुटर गेकोख्टेन कार्टोफेल्न’ असे होईल का?

जर्मन शिकवणारी:
अगदी बरोबर. ‘काल’ आणि ‘आईने’ हे दोन्ही शब्द मराठीप्रमाणेच विशेषणाच्या आधी बसले आहेत, त्यामुळे ही लांबलचक रचना आपल्याला मुळीच परकी वाटत नाही. बोलताना मात्र जर्मन माणसे येथे बहुधा संबंधी वाक्य वापरतात. ही रचना तुम्हाला मुख्यतः वर्तमानपत्रांत आणि सरकारी पत्रांत भेटेल.