ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर: ॲनालॉग बनवू का डिजिटल घेऊ?

कपाशीवाला_आर्णी
नमस्कार राजेहो. घरी टू-वे स्पीकर बनवले, साडेसहा इंची वूफर अन् एक इंची डोम ट्वीटर. आता पॅसिव्ह क्रॉसओव्हर (ॲम्पच्या नंतर जाड आवाज वूफरले अन् बारीक आवाज ट्वीटरले वाटून देणारं सर्किट) काढून, हे वाटप ॲम्पच्या आधीच करणारा ॲक्टिव्ह लावून प्रत्येक ड्रायव्हरले वेगळा ॲम्प द्यायचा हाय, चार चॅनल तयार हायेत. वाटणीचा पॉइंट २४०० हर्ट्झच्या आसपास धरतो. एनई५५३२ आयसीवाला लिंकविट्झ-रायली (क्रॉसओव्हर फिल्टरचा एक प्रकार) मी स्वतः सोल्डर करू शकतो, पण गावातला एक जण म्हणते डीएसपी (हेच काम डिजिटलमंधी करणारा डब्बा) घे, अन् दुसरा म्हणते डिजिटलनं आवाज कोरडा होते. कोणाचं आयकू? लाईटीचा भरोसा नाही अन् मे महिन्यात टिनाखाली खोलीची भट्टी होते, हे धरून सांगा.

सोल्डर_वर्धा
कोरडा आवाज वगैरे सोडून द्या भाऊ. तुमी गाणे पेनड्राईव्ह नाई तं मोबाईलवरूनच आयकता ना, मंग ते आधीच डिजिटल हाय.
खरा मुद्दा डिलेचा, म्हणजे एका ड्रायव्हरचा आवाज जरासा उशिरा सोडण्याचा. लिंकविट्झ-रायलीची बेरीज सपाट येते हे खरं, पण दोन्ही ड्रायव्हरचा आवाज कानापर्यंत एकाच वेळी पोचला तरच. सपाट बॅफलवर (ड्रायव्हर बसवलेली पुढची फळी) वूफरचं ध्वनिकेंद्र, म्हणजे आवाज जिथून निघते ती जागा, ट्वीटरच्या मागं असते, अडीच सेंटीमीटर धरा. २४०० हर्ट्झले तरंगलांबी १४ सेंटीमीटर, म्हणजे फेजमंधी (दोन लहरींच्या तालात) साठेक अंशाचा फरक तिथंच पडला. डीएसपीत ट्वीटरले ०.०७ मिलीसेकंद डिले टाकला का झालं. ॲनालॉगमंधी त्यासाठी ऑल-पास स्टेज (आवाजाची पातळी न बदलता फक्त उशीर करणारं सर्किट) वाढवा, नाई तं बॅफल तिरपा करा, अन् पॉइंट २४०० चा २१०० करून पाहायचा म्हटलं तं दोन्ही चॅनल मिळून १६ रेझिस्टर बदलत बसा. मी तं डिजिटलच म्हणन. सोबत मोजायचा माईक घ्या, आवाज मोजायचं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर फुकटच हाय. माईक नसन तं डीएसपी घेऊन काही फायदा नाही, नुसते अंदाजानं स्लायडर हलवत बसान.

झाडीपट्टी_ऑडिओ
सोल्डर भाऊचं गणित बरोबर हाय, पण ते शहरातल्या लाईटीवर. आमच्याइकडं पावसाळ्यात वीज चमकली का पहिले डिजिटल डब्बेच जातात, अन् त्यातली बारीक चिप तालुक्याले कोण बदलून देते? ॲनालॉग बोर्डात आयसी सॉकेटवर लावा, उडाली तं काढली अन् दुसरी बसवली, कुठंबी भेटते. पॉइंट एकदा पक्का झाला का तो रोज थोडीच बदलते. ऑल-पासबी त्याच बोर्डावर बसते, दोन आयसी जास्त लागतीन, लागू द्या.
डिजिटल घेतलाच तं आवाज कमी-जास्त करणं डीएसपीच्या मागं, म्हणजे ॲम्पच्या बाजूनं ठेवा. पुढं ठेवला अन् बारीक आवाजात आयकलं तं कन्व्हर्टरचे वरचे बिट रिकामे राह्यतात अन् ट्वीटरमंधून सूं सूं येते. लोकं मंग डिजिटललेच शिव्या देतात.

सोल्डर_वर्धा
विजेचं मान्य, पण मंग ॲम्प अन् टीव्ही काय वाचते का? गडगडलं का प्लगच काढा. अन् बासचं काय? छोट्या खोलीत दोनशे हर्ट्झच्या खाली जे घुमते ते डीएसपीत इक्वलायझरच्या एका बँडनं दाबता येते, ॲनालॉगमंधी प्रत्येक खड्ड्या-उंचवट्याले नवीन सर्किट.

कपाशीवाला_आर्णी
मंग असं करू का, आधी डीएसपी लावून माईकनं पॉइंट अन् डिले पक्का करतो, अन् मंग तेच आकडे धरून ॲनालॉग बोर्ड बनवतो? अजून एक, लाईट गेली-आली का ॲम्प ठप्पकन आवाज करते, आता ट्वीटर थेट ॲम्पले लागन तं जळन ना?

झाडीपट्टी_ऑडिओ
चालते ना, पण नुसता इलेक्ट्रिकल स्लोप (फिल्टर किती झपाट्यानं कापते तो उतार) उचलू नका, ड्रायव्हरचा स्वतःचा उतार त्यात मिळते, म्हणून ॲनालॉग बोर्ड लावल्यावर परत मोजा.
ट्वीटरच्या सिरीजमंधी ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कॅपॅसिटर टाकाच, डीएसपी असो का ॲनालॉग. आठ ओहमवर तो ४२० हर्ट्झच्या आसपास कापते, तुमच्या पॉइंटपासून बराच खाली, म्हणून फेजले फार धक्का लागत नाही. ॲम्पचा डीसी पुरा अडते अन् ठप्पचा बराच जोर कमी होते. अन् सुरू करताना ॲम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात पहिले.