सोसायटी ग्रुप : लोकशाही आणि गणराज्य, एकच की वेगळं?

ए-१०२: लेकीचा गृहपाठ आहे. लोकशाही आणि गणराज्य यांत फरक काय? घरात दोन तट पडलेत.

सी-३०१: एकच हो. संविधानाच्या उद्देशिकेत जोडीनेच येतात.

बी-४०४ (काकू): एकच असते तर दोन्ही लिहिले असते का? सत्ता लोकांच्या हातात आहे का, हा लोकशाहीचा प्रश्न. राष्ट्रप्रमुखपद वारशाने मिळतं का, हा गणराज्याचा. ब्रिटन आणि जपान दोन्हीकडे लोकशाही आहे, पण एकीकडे राजा, दुसरीकडे सम्राट. त्यामुळे ती गणराज्यं नाहीत.

ए-५०१: आणि याच्या उलट?

बी-४०४ (काकू): उत्तर कोरिया. अधिकृत नावात लोकशाही आहे, गणराज्यही आहे. सत्ता मात्र तीन पिढ्या एकाच घरात.

सी-३०१: 😄 ते राहू द्या. शेवटी बहुमत म्हणजेच लोकशाही ना?

बी-४०४ (काकू): कुणाचं बहुमत? स्वित्झर्लंडमध्ये १९५९ साली बायकांना मताधिकार द्यायचा का, यावर मतदान झालं. मतदार सगळे पुरुष. त्यांनी मोठ्या बहुमताने नाही म्हटलं. तो अधिकार मिळाला १९७१ मध्ये. आपल्याकडे पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ ला, बायकांनी मतदान केलं होतं.

डी-२०३: गेटसमोरची पांढरी गाडी कुणाची आहे? काढा प्लीज.

ए-१०२: काकू, मग १९५९ मध्ये तिथे लोकशाही होती की नव्हती?

बी-४०४ (काकू): निवडणुका होत्या, संसद होती, निम्म्या माणसांना मत नव्हतं. माझ्या मते अर्धीच. लेकीला विचार, ती काय म्हणते.

ए-५०१: प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सचंही तेच. स्त्रिया, गुलाम, परके सगळे बाहेर. पण तिथली एक गोष्ट मला भारी वाटते. बहुतेक पदं चिठ्ठ्या टाकून भरायचे! निवडणुकीत नावाजलेले आणि पैसेवालेच पुढे येतात, म्हणून चिठ्ठी हीच खरी लोकशाही पद्धत मानायचे. सेनापती मात्र मत देऊन निवडायचे. लढाईत नशिबावर कोण विसंबणार?

सी-३०१: आणि खजिनदार?

ए-५०१: अथेना देवीच्या खजिन्याचे दहा खजिनदार चिठ्ठीनेच, पण सगळ्यात श्रीमंत वर्गातून. मुदत संपली की हिशेब द्यावा लागायचा.

सचिव: बरं झालं विषय निघाला. आपलं खजिनदारपद रिकामं आहे, एकही अर्ज आलेला नाही. रविवारी चिठ्ठ्या टाकू या का?

सी-३०१: मी रविवारी बाहेरगावी आहे.

डी-२०३: मीसुद्धा. आणि ती गाडी अजून तिथेच आहे.