आधी हवेची वाट मोकळी करा

चार यू (रॅकमधल्या उंचीचे एकक) उंचीच्या रॅक केसमध्ये, म्हणजे रॅकच्या चौकटीत सरकवायच्या संगणकाच्या पेटीत, रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड बसवले असून रेंडरिंग (त्रिमितीय दृश्यांची अंतिम चित्रे तयार करण्याचे जड काम) सुरू होताच प्रोसेसर ९५ अंशांवर जातो, तर याहून मोठा कूलर घ्यावा का, असा मूळ प्रश्न आहे. ९५ अंशांनी घाबरू नये. पूर्ण भाराखाली तिथवर जाऊन घड्याळगती (क्लॉक स्पीड, म्हणजे कामाचा वेग) सांभाळणे हे या प्रोसेसरच्या रचनेतच आहे. शिवाय एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, म्हणून चार यूची बाहेरची उंचीच जेमतेम १७८ भरते. त्यातून पत्र्याची जाडी आणि मदरबोर्डाखालची जागा वजा जाते, म्हणून १६५ मिलिमीटरचा टॉवर कूलर (उभा, उंच कूलर) बसवला तर झाकण लागणार नाही.

खरी अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे. ते ४५० वॉटपर्यंत उष्णता केसमध्येच सोडते आणि प्रोसेसरचा कूलर तीच हवा ओढतो. माझा रॅक ऐरोलीच्या घरात भिंतीपासून वीतभर अंतरावर होता. पुढच्या पंख्यांजवळ उदबत्ती धरली, तेव्हा धूर सगळा आत न जाता थोडा बाजूला वळत होता, कारण मागची गरम हवा रॅकमधल्या रिकाम्या जागांतून पुन्हा पुढे येत होती. त्या जागा पट्ट्यांनी बंद केल्या, रॅक हातभर पुढे ओढला आणि पुढची जाळी धुतली (तिच्यावर धुळीचा चक्क नमदा झाला होता), तेव्हा कुठे पंख्यांचा आवाज उतरला. काचेचे दार असल्यास तेही काढून पाहावे.