लिनक्सवर नव्यानं येणाऱ्याला आधी काय सांगायचं: कृती की कारण?

लेथवाला, उद्यमनगर
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या वर्कशॉपातली जुनी मशिनं विंडोज ११ घेईनात, म्हणून विंडोजऐवजी उबुंटू २४.०४ हा लिनक्सचा प्रकार टाकला आणि ऑफिसातल्यांसाठी मराठीत चार पानी पुस्तिका लिहिली. अपडेटच्या पानावर लिहिलं होतं, "टर्मिनल उघडा, कमांड द्या, पासवर्ड टाका." (टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी.) आमच्या हिशेबनीस काकांनी पासवर्ड टाइप केला, तर पडद्यावर काहीच उमटेना. कीबोर्ड उलटा करून झटकला, दुसरा आणून लावला, शेवटी मला हाक मारली. तिथं पासवर्ड टाइप करताना दिसतच नाही, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलंय की लिहायचं सुचलंच नाही.
माझं मत: नवख्याच्या पुस्तिकेत टर्मिनल नकोच. चित्रं टाका, बाण काढा, कुठं क्लिक करायचं ते दाखवा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय असतो, १९९१ साली लिनक्स कसं सुरू झालं, हे काकांना घेऊन काय करायचंय?

लाल माती
साफ अमान्य. तालमीत वस्ताद पहिल्या दिवशी डाव दाखवत नाही, माती उकरायला लावतो. उबुंटूची एलटीएस, म्हणजे जास्त वर्षं सपोर्ट असलेली आवृत्ती, दर दोन वर्षांनी येते. बटण इकडचं तिकडं गेलं की तुमची चित्रं रद्दीत. 'सुडो ॲप्ट अपडेट' ही कमांड मात्र तीच राहतीय, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं की कॉपी करून चिकटवता येतं. चित्रातला बाण कसा चिकटवणार?
पासवर्डाचं म्हणाल तर मिंट या दुसऱ्या लिनक्समध्ये तारे दिसतात, तुमच्या उबुंटूत नाहीत. असं एकेक किती लिहीत बसणार? त्यापेक्षा इथं सी ड्राइव्ह का नसतो, आपलं सगळं 'होम' फोल्डरमध्ये का असतं, हे एकदा डोक्यात शिरलं की निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

लेथवाला, उद्यमनगर
वस्ताद समोर उभा असतोय भावा, चुकलं की पाठीत धपाटा घालतोय. पुस्तिका वाचणाऱ्यापाशी कोण असतंय?

गंगावेस डीटीपी
तुमचं चालू द्या, पण पहिल्या पानावर काय पाहिजे ते मी सांगते. काय चालणार नाही, ते. पेजमेकर, कोरलड्रॉ, टॅली ही सॉफ्टवेअरं लिनक्सवर थेट चालत नाहीत. जुन्या मराठी फॉन्टातली लग्नपत्रिका उघडली की वधूच्या नावाजागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, कारण ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसते आणि तो फॉन्ट त्या मशिनवर नसतो. हे मशीन बदलायच्या आधी कळायला हवं का नंतर?
आणि पेनड्राइव्ह! कॉपी झाली असं दिसलं, काढून प्रेसला गेले, तर फाइल शून्य केबीची. मुहूर्त चार दिवसांवर होता.

लाल माती
ताई, हे माझ्याच बाजूचं झालं. लिनक्स आधी मेमरीत लिहून ठेवतं आणि पेनड्राइव्हवर मागाहून उतरवतं, म्हणून 'इजेक्ट' करायचं. विंडोज १० नं २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून लगेच काढायची सवय लावली. हे कारण माहीत असेल तर माणूस थांबतो. नुसतं 'इजेक्ट दाबा' लिहिलेलं कोण पाळतंय?

गंगावेस डीटीपी
कारण दोन ओळींत लिहिलंत तर वाचीन. तुम्ही दोन पानं लिहिता.

लेथवाला, उद्यमनगर
बरं, पेनड्राइव्हचं कारण घालतो. तेवढंच. चित्रं मात्र राहणारच.

नवीन गडी
मी परवाच यूट्यूब बघून टाकलंय. सी ड्राइव्ह नसतो म्हणजे? माझे फोटो त्यातच होते.

लाल माती
टाकताना 'विंडोजशेजारी' निवडलं होतं की 'डिस्क पुसून'? शेजारी असेल तर फोटो आहेत, फाइल्समध्ये विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, दिसेल. पुसून असेल तर मशीन लगेच बंद करा, त्यावर आणखी काही उतरवू नका.

नवीन गडी
यूट्यूबवाल्यानं बाण दाखवला तिथं क्लिक केलं.