डिस्टिलरीची ओळखीची बाटली की छोट्या बॉटलरचं एकच पिंप?

लीथकर
गेल्या शनिवारी एडिंबरामध्ये एका छोट्या स्वतंत्र बॉटलरकडे व्हिस्की चाखायला गेलो होतो. नाव सांगत नाही, जाहिरात वाटेल. ही मंडळी स्वतः काही गाळत नाहीत. डिस्टिलऱ्यांकडून नाहीतर दलालांकडून पिंपं घेतात, मुरवत ठेवतात आणि एकेका पिंपाच्या बाटल्या वेगळ्या भरतात. लांब टेबल, आम्ही दहा जण, प्रत्येकापुढे पाच ग्लास आणि पाण्यासाठी ड्रॉपर.

चौथ्या ग्लासात कल ईला होती. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, 12 वर्षांची, 57 टक्के अल्कोहोलची. रंग उसाच्या रसापेक्षाही फिका. नाकाशी नेली तर आधी नुसता झणका. चार थेंब पाणी टाकून दोन मिनिटं थांबलो. मग एकेक वास येत गेला: विझलेल्या चुलीची राख, लिंबाची साल आणि मागून शाळेत गुडघा फुटल्यावर लावायचे ते टिंक्चर आयोडीन. याच डिस्टिलरीची 43 टक्क्यांची नेहमीची बाटली माझ्या घरी आहे. वाईट नाही. पण त्या रात्री घरी येऊन घोट घेतला तर पाणी वाढवलेल्या ताकासारखी लागली.

माझं म्हणणं सरळ आहे. सिंगल मॉल्टवर, म्हणजे एकाच डिस्टिलरीच्या, फक्त मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्कीवर, पैसे घालायचेच तर इथे घाला. कॅरॅमलचा रंग नाही, थंड करून गाळणं नाही. 250 लिटरच्या पिंपातून वर्षाला दोनेक टक्के हवेत उडून जाते, 12 वर्षांनी उरतात साधारण 280 बाटल्या. हीच व्हिस्की पाणी घालून 40 टक्क्यांवर आणली तर 400 च्या आसपास निघतील. हा माणूस वरच्या 120 बाटल्यांवर पाणी सोडतो, व्हिस्कीत घालत नाही!

चकणा_मास्तर
शाब्दिक कोटी छान. पण त्या 120 बाटल्यांची किंमत उरलेल्या 280 वर चढवलेली असते, ती तुम्हीच दिलीत.

आणि मुळात पिंप बाहेर आलं का? डिस्टिलरीच्या चवीत बसलं नाही म्हणून. तुम्ही दुसऱ्याने बाजूला काढलेला माल कौतुकाने पिताय. ज्याला तुम्ही पाणचट म्हणता त्या बाटलीमागे कितीतरी पिंपांची मोट बांधलेली असते आणि दरवर्षी तीच चव उतरवावी लागते. कसब तिथे आहे. एक पिंप उघडून बाटलीत ओतायला काय लागतं?

निळावंती
मास्तर, हा नाकारलेल्या मालाचा समज फार जुना आणि बराचसा चुकीचा. स्कॉटलंडचा धंदा उभा आहे ब्लेंडवर, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या मिसळलेल्या व्हिस्कीवर. डिस्टिलऱ्या एकमेकींना पिंपं देतात-घेतात, ब्लेंडवाले आणि दलाल ताजी, न मुरलेली स्पिरिटच विकत घेऊन पिंपात भरून ठेवतात. ज्या पिंपाची चव अजून तयारच झालेली नाही ते नाकारणार कोण? कल ईलाचा बराचसा माल जॉनी वॉकरसारख्या ब्लेंडमध्ये जातो. उत्पादनच एवढं मोठं, म्हणून तिची पिंपं बाजारात सहज मिळतात.

दुसरं म्हणजे, डिस्टिलऱ्या स्वतःच्या नावाने मॉल्ट फारशा विकत नव्हत्या तेव्हा हे काम कोणी केलं? एल्गिनच्या गॉर्डन अँड मॅकफेलने, 1895 सालचं किराणा दुकान ते. कॅडनहेड तर 1842 पासूनचे. आयलावरचीच पोर्ट एलन डिस्टिलरी 1983 मध्ये बंद पडली, तिची चव पुढे कित्येकांना कळली ती अशाच लोकांच्या गोदामांतल्या पिंपांमुळे.

कोरडा_दिवस
इतिहास मान्य, पण माझ्या खिशाचा इतिहास वेगळा आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बॉटलरची शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपातली बाटली न चाखता ऑनलाइन मागवली. रंग मस्त, कोकमाच्या आगळासारखा. बूच काढलं आणि घरात दिवाळीची पहाट झाली, फुटलेल्या लवंगी माळेचा वास! पिंप खराब होऊ नये म्हणून आत गंधक जाळतात, त्याचा अंश राहून गेला की असं होतं. पाणी घालून पाहिलं, महिनाभर उघडी ठेवून पाहिली. शेवटी भावजींना दिली. त्यांना आवडली, तो भाग वेगळा.

डिस्टिलरीच्या बाटलीत हे सहसा होत नाही. असं एखादं पिंप शंभरांत मिसळून जातं, किंवा नाकाचा पक्का कुणीतरी ते आधीच बाजूला काढतो.

लीथकर
गंधकाचं खरं आहे, मलाही एकदा भेटलाय तो. म्हणूनच मी चाखायला जातो, न चाखता मागवत नाही.

पण मास्तरांच्या 'तीच चव' या मुद्द्यावर अडतोय. आजोळी आमच्या मागच्या अंगणात रायवळाची तीन झाडं होती. एकाचा रस पातळ आणि गोड, एकाला खोबऱ्याचा वास, तिसरा फक्त लोणच्याचा. पेटीतला हापूस उत्तमच असतो. पण सुट्टीत आम्ही वाट बघायचो ती त्या खोबऱ्या आंब्याची.

चकणा_मास्तर
त्या खोबऱ्या आंब्याला आजीने नगाला 85 पौंड लावले होते का?

पाचवा_मजला
पौंडांवरून आठवलं. इथे ठाण्यात बसून या वादाला अर्थच नाही. स्कॉचवर केंद्राची ड्युटी 2025 मध्ये 150 टक्के होती. जुलै 2025 च्या ब्रिटनबरोबरच्या करारात ती आधी 75 आणि दहा वर्षांनी 40 वर आणायचं ठरलंय. राज्याने 2021 मध्ये आपला कर 300 वरून 150 टक्के केला तेव्हाही टाळ्या वाजवल्या होत्या. पण वेगळ्या लेबलची वेगळी नोंदणी करावी लागते. 280 बाटल्यांसाठी तो खटाटोप कोण करणार? म्हणजे ड्युटी उतरली तरी इकडे येणार त्या मोठ्यांच्याच बाटल्या. लीथकर, येताना बॅगेतून आणा, मग मत देतो.

निळावंती
आणायच्या तर आत्ताच आणा. गॉर्डन अँड मॅकफेलने 2023 मध्येच जाहीर केलं की 2024 पासून दुसऱ्यांच्या डिस्टिलरीची नवी पिंपं भरणार नाही. त्यांच्या आता स्वतःच्या दोन डिस्टिलऱ्या आहेत आणि जुना साठाही बक्कळ. छोट्यांकडे यातलं काहीच नाही. मॉल्टला मागणी वाढली की डिस्टिलऱ्या हात आखडतात, किंवा पिंप देतात पण नाव छापू देत नाहीत. मग लेबलवर डिस्टिलरीऐवजी नुसता स्कॉटलंडमधला भाग येतो, 'गुप्त स्पेसाइड'. मास्तरांचा 'दुसऱ्याचा माल' हा मुद्दा खरा टोचतो तो इथे. मालक दुसरा असला की नळही त्याच्याच हातात.

बाकी लीथकर, पाचव्या ग्लासाचं काही बोलला नाहीत.

लीथकर
तीच गंमत आहे. लेबलवर नुसतं 'ऑर्कनी'. त्या बेटांवरच्या जुन्या नावाजलेल्या डिस्टिलऱ्या दोनच, हायलँड पार्क आणि स्कापा. धूर होता, मध होता, म्हणजे हायलँड पार्कच, वेगळं सांगायला नको. ओतणाऱ्याला विचारलं तर नुसता हसला. पाचांत मला तीच सगळ्यात जास्त आवडली.

चकणा_मास्तर
आणि तरी विकत घेतली नाहीत! नाव नव्हतं म्हणून. शेवटी लेबलच पिता तुम्हीही.

लीथकर
संपल्या होत्या हो. शेवटची माझ्या शेजारच्या बाईंनी उचलली.