कारवारहून अणशीच्या रानाकडे: तुमच्या आठवणी लिहा

सदाशिवगडची लेक
ऑगस्ट २०२४ मध्ये काळी नदीवरचा जुना पूल रात्री कोसळला, त्याचा व्हिडिओ आज कुणीतरी परत पाठवला. गलबलून आलं. पूल नव्हता तेव्हा आम्ही तरीनं कोडीबागला उतरायचो. आजी काठावर वाकून ओला हात कपाळाला लावायची, मगच पाय पुढे. नंतर कारवार स्टँड, कद्र्यावरून जाणारी गाडी, आणि अणशीच्या घाटात भर दुपारी अंधारून यायचं. मामा कुंभारवाड्याला मास्तर होता. त्या वाटेनं कोण कोण गेलंय?

रानवाट
आम्ही जुलैत. लेकीच्या मोज्यावर जळू चढली तेव्हा दोऱ्याएवढी, सुटली तेव्हा करंगळीएवढी! तंबाखूचं पाणी लावा, ओढून काढू नका. आणि हो, कारवार स्टेशन गावात नाही, शिरवाडला आहे.

मासेखाऊ
घाटाचं राहू द्या, आधी कारवारात जेवा. काळीच्या मुखाजवळच्या तिसऱ्या, एकशिपी!!

रानवाट
@मासेखाऊ कालवं नाही मिळाली का?

मासेखाऊ
मिळाली की. ताजी फोडून, नुसती तव्यावर. सासूबाई अजून नाव काढतात.

धनेशवेडा
पाटीवर आता काळी व्याघ्र प्रकल्प आहे, २०१५ पासून. त्याआधी अणशी-दांडेली. आम्हाला वाघ दिसला नाही, पण थोरला धनेश पक्षी डोक्यावरून गेला. पंखांचा आवाज असा, की वाफेचं इंजिन धापा टाकतंय. बाबा टोपी काढून उभे राहिले.

जोशीकाकू_ठाणे
पावसात घाट चालू असतो का? पुढच्या आठवड्यात निघतोय.

धनेशवेडा
काकू, दरड आली की बंद. निघायच्या दिवशी सकाळी कारवारात चौकशी करा.

सुपेकर
आमचं गावच सुपा. धरणात गेलं, आम्ही रामनगरला आलो. गणेशगुडीला गाडीतून पाणी दिसलं की बाबा बोलता बोलता थांबायचे. आई त्यांच्या हातात पाण्याची बाटली द्यायची. आम्हा पोरांना वाटायचं, त्यांना तहान लागलीय.

सदाशिवगडची लेक
@सुपेकर वाचून घशात आवंढा आला हो. मामीचं माहेरही सुप्याचंच. तुमचं घर देवळाच्या बाजूला होतं की बाजाराच्या?

सुपेकर
बाजाराच्या. आईला विचारून रात्री सविस्तर लिहितो, आत्ता दूध उतू जातंय.