मदत हवी आहे: थकीफ टोळी 630 नंतर गेली कुठे? अर्जंट!

खाडीकाठचा:
मंडळी, शनिवारी बोलायचंय आणि तक्ता अडकलाय. थकीफ टोळी अरबस्तानातल्या, मक्केजवळच्या ताइफची, लात देवीचं ठाणं त्यांच्याकडे, 630 मध्ये ताइफला वेढा पडला, तो उठला, मग यांनीच मदिनेला माणसं पाठवून इस्लाम स्वीकारला, इथवर सगळं जुळतंय. त्यानंतर टोळी एकदम गायब! पुढचे सुभेदार, सेनापती बघावे तर जो तो 'सकफी', बनी सकीफ. मग थकीफवाल्यांना हुसकावून हे सकीफ आले का, आणि कधी? शिवाय उस्मान खलिफा व्हायच्या आधी आपल्याकडे येऊन गेला का तेही सांगा. विकिपीडिया वाचा म्हणू नका, वाचलंय.

तर्कटराव:
आपल्याकडे म्हणजे कुठे? तक्ता कसला, वंशावळ की सनावळ? पुस्तकं इंग्रजी की उर्दूवरून आलेली? अर्धी माहिती द्यायची आणि वर अर्जंट लिहायचं.

गुलकंद_आत्या:
ताइफचा गुलाब फार नावाजलेला हो. आमच्या जाऊबाईंनी उमरा यात्रेहून येणाऱ्या शेजारणीकडून अत्तराची इवलीशी कुपी घेतली होती, अजून कपाटात वास आहे.

गडकिल्ले_मनोज:
सोपं आहे. सकीफ म्हणजे 632 मध्ये पैगंबर वारल्यावर मदिनेत जिथे अबू बक्र यांना खलिफा निवडलं ते ठिकाण. तिथल्या लोकांना पुढे सकफी म्हणू लागले.

तर्कटराव:
मनोज, तो सकीफा. बनू साइदा लोकांचा बसायचा मांडव. त्याचा टोळीशी काही संबंध नाही, उगाच ठोकून देऊ नका.

खाडीकाठचा:
आपल्या ठाणे शहराबद्दल बोलायचंय हो! मला वाटलं ते उघड आहे. सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर दहा मिनिटं. एक पुस्तक इंग्रजी आहे, दुसरं उर्दूवरून केलेलं मराठी. आता कोणी उत्तर देईल का?

जेद्दाहवाला:
मी बाणकोटकडचा, जेद्दाहला नऊ वर्षं काढली. भाऊ, कोणी कोणाला हुसकावलं नाही, टोळी एकच आहे. अरबीत एक अक्षर आहे, जीभ दातांमध्ये धरून म्हणायचं. इंग्रजीवाले ते टी-एच लिहितात, त्याचा आपण थ करतो. उर्दूत त्याचाच स होतो. म्हणून एका पुस्तकात थकीफ, दुसऱ्यात सकीफ. सकफी म्हणजे त्या टोळीचा माणूस. तुमच्या इंग्रजी पुस्तकात उथमान नावाचं कोणी आहे का बघा.

बाकी ताइफला मी कितीदा गेलोय, अल-हदाच्या घाटाने. खाली घामाने शर्ट चिकटलेला आणि वर गेलं की काच खाली करून गार वारा. उंची 1800 मीटरच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वराच्याही वर. पाणी, द्राक्षं, डाळिंबं. म्हणून तर हे लोक तंबूवाले नव्हते, तटबंदीच्या गावात राहून मनुका आणि कमावलेलं कातडं विकायचे, मक्केच्या कुरैशांचे मळेही तिथे होते. वेढ्यात यांच्या द्राक्षवेली तोडायला घेतल्या तेव्हा जीव कसा कासावीस झाला असेल बघा.

खाडीकाठचा:
अरे देवा. तक्त्यात 'उथमान बिन अबी अल-आस' आहे आणि शेजारच्या रकान्यात 'उस्मान' आहे. म्हणजे हाच पुढे खलिफा झाला?

तर्कटराव:
नाही! खलिफा झाला तो उस्मान बिन अफ्फान, कुरैशांपैकी, उमय्या घराण्यातला. तुमचा तो उस्मान बिन अबी अल-आस, सकफी. मदिनेला गेलेल्या मंडळींत वयाने सगळ्यात लहान हाच. बाकीचे घासाघीस करत होते, लातची शिळा तीन वर्षं राहू द्या, नाहीतर एक वर्ष, नाहीतर महिनाभर तरी, नमाजही माफ करा. मिळालं एवढंच की मूर्ती स्वतःच्या हाताने फोडावी लागणार नाही. ती फोडायला अबू सुफियान आणि मुगीरा बिन शुअबा आले, आणि मुगीरा यांच्याच टोळीचा, म्हणजे बघा. या पोरसवद्या उस्मानला मात्र ताइफचा कारभार मिळाला. पैगंबरांनंतर टोळ्या फुटायला लागल्या तेव्हा त्याने आपल्या लोकांना सांगितलं म्हणतात, शेवटी आलात, निदान पहिले तरी जाऊ नका. थकीफ राहिले.

गडकिल्ले_मनोज:
आणि 636 मध्ये तो ठाण्यावर चालून आला!

तर्कटराव:
स्वतः नाही आला. खलिफा उमरने त्याला बहरीन आणि ओमानवर नेमलं, त्याने ओमानहून आरमार पाठवलं. बलाझुरी सांगतो की फौज परतल्यावर उमरने पत्रातून झापलं, सकफी भावा, तू किड्याला लाकडावर चढवलंस (म्हणजे माणसं जहाजावर घालून समुद्रात धाडलीस), माणसं गेली असती तर तेवढी तुझ्या टोळीतून वसूल केली असती. पण बलाझुरी नवव्या शतकातला, घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहितोय, तेव्हा कट्ट्यावर 'हल्ला झालाच' असं छातीठोकपणे सांगू नका.

गडकिल्ले_मनोज:
मग 712 ला मुहम्मद बिन कासिम सिंधवर आला तोही सकफी, त्याला पाठवणारा इराकचा सुभेदार हज्जाजही सकफी. टोळीने ठाण्याचा हिशोब चुकता केला, दुसरं काय.

तर्कटराव:
पंचाहत्तर वर्षांनी? सिंध आणि ठाणं एकच का? काहीही.

गुलकंद_आत्या:
हज्जाज म्हणजे तोच ना, ज्याच्या जाचाला कंटाळून नवायत लोक इकडच्या किनाऱ्यावर आले म्हणतात?

जेद्दाहवाला:
हो आत्या, तशी कथा सांगतात. आमच्या घरी मात्र आजोबा दर वेळी वेगळाच मूळपुरुष सांगायचे. आणि कुपी संपली की सांगा, धाकटा भाऊ अजून तिकडे आहे.

खाडीकाठचा:
धन्यवाद! आता सगळं नीट कळलं. थकीफ-सकीफ एक केले. तक्त्यात मुगीरापण दोनदा आला होता, लात फोडणारा आणि सिंधच्या देबल बंदराला गेलेला, तेही खोडून एक केले.

तर्कटराव:
थांबा!! ते दोघं खरंच वेगळे आहेत. देबलला पाठवला तो उस्मानचा भाऊ, मुगीरा बिन अबी अल-आस.

खाडीकाठचा:
पेनने खोडलंय हो.